सॉल्व्हंट शेडचं झोनिंग आणि वायरिंग: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम असं आहे: १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच शेड. आत २,००० लिटरचे दोन मिक्सर, ड्रम रिकामे करायची जागा, एक ट्रान्सफर पंप आणि पावडरची पोती ओतायचा हॉपर. उत्पादन तात्पुरतं शेजारच्या शेडमध्ये हलवलंय. जुनी वायरिंग काढून नवी करायची, ती धोकादायक क्षेत्राच्या नियमात बसवायची आणि कागदपत्रं उभी करायची. माझा अंदाज सहा आठवड्यांचा होता. तो किती चुकला ते पुढे कळेलच.

जुन्या फायलीत झोनिंगचा नकाशा म्हणून एकच कागद सापडला. शेडच्या चौकटीवर लाल पेन्सिलनं तिरप्या रेघा आणि मध्ये 'झोन १', म्हणजे नेहमीच्या कामात पेट घेणारी वाफ असू शकते असा भाग. कोणी काढला, कधी काढला, आत कोणतं द्रव होतं, काहीच नाही. असा नकाशा दिसायला सुरक्षित वाटतो, कारण सगळंच झोन १ धरलं की कोणी बोलत नाही. पण मग प्रत्येक सॉकेट आणि प्रत्येक पॅनल एफएलपी (फ्लेमप्रूफ, आतला स्फोट बाहेर न जाऊ देणारं) घ्यावं लागतं, आणि खरा धोका जिथे आहे तिथे वेगळं बघायची गरज कोणाला वाटत नाही.

६ जानेवारी

आयईसी ६००७९-१०-१ (धोकादायक क्षेत्रं ठरवायचं आंतरराष्ट्रीय मानक) समोर ठेवून गळतीच्या जागा मोजायला बसलो. प्रश्न एकच: इथून वाफ कधी बाहेर येते? कायम, नेहमीच्या कामात अधूनमधून, की फक्त काही बिघडलं तर?

मिक्सरच्या आत द्रवावर कायम वाफ असते, तो झोन ०. झाकण उघडून माल टाकताना वाफ बाहेर येते, ते नेहमीचं काम आहे, म्हणून झाकणाभोवती झोन १. ड्रम ओतायची जागाही तशीच. पंपाचं सील आणि फ्लँज (बोल्टनं आवळलेले सपाट जोड) बिघडले तरच गळतात, त्यांच्याभोवती झोन २. एकूण २३ जागा निघाल्या. मी टेबलावर बसून १४ लिहिल्या होत्या. उरलेल्या नऊ शेडमध्ये चालत गेल्यावर सापडल्या. त्यातली एक सॅम्पल घ्यायची कॉक होती, तिच्याखाली रोज एक उघडी बादली ठेवलेली असायची.

८ जानेवारी

दिव्यांची ऑर्डर दिली. नकाशा पूर्ण नव्हता, पण खरेदी विभाग म्हणाला, माल यायला तीन आठवडे लागतात, उशीर नको. बारा दिवे, एफएलपी, टू-ए, टी४. (टू-ए हा वायूचा गट: टू-ए, टू-बी, टू-सी असं पुढे जावं तशी ज्वाला जास्त बारीक फटीतून निसटते. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर तापणार नाही. पाटीवर रोमन दोन आणि पुढे अक्षर असतं, आमच्याकडे सगळे टू-ए, टू-बी असंच म्हणतात.) टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, तिन्ही टू-ए. मला वाटलं, झालं.

१३ जानेवारी

आजचा दिवस लक्षात राहील.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी वाहते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती नेमकी कुठे वाहते हे कोणी बघितलेलं नसतं. म्हणून रिकाम्या शेडमध्ये, पंखे बंद करून, ड्रम ओतायच्या जागी गरम पाण्याच्या पातेल्यात कोरडा बर्फ टाकला. (दोन्ही दारं उघडी ठेवून, गळ्यात ऑक्सिजन मीटर घालून. कार्बन डायऑक्साइडही जड असतो आणि खोलगट जागेत साचतो, म्हणून एकट्यानं हे करू नका.) पांढरा धूर पातेल्याच्या काठावरून उतरला, जमिनीवर घोट्याइतका पसरला आणि सरळ केबल ट्रेंचच्या जाळीकडे गेला. जाळीतून खाली उतरला. मी ट्रेंचच्या कडेनं टॉर्च धरून चालत गेलो. धूर भिंतीखालून पलीकडे गेला.

पलीकडे आमची पॅनल रूम. तिथे साधे स्विचगिअर, साधे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच), सगळं ठिणग्या पाडणारं. जुन्या नकाशावर ती खोली 'सुरक्षित' होती. मिस्त्री पॅनल रूममध्ये उभे होते. ते दारातून ओरडले, "साहेब, इकडे एमसीसीच्या खालून धूर यायला लागलाय!" (एमसीसी म्हणजे मोटर्स चालवणारं पॅनल.)

माझ्या २३ जागांच्या यादीत ट्रेंच नव्हतं. ते गळतीचं ठिकाण नाही हे खरं, पण वाफ साचायचं ठिकाण आहे. हवा न खेळणारा खड्डा झोन २ च्या परिसरात असला, तरी आतून तो झोन १ धरावा लागतो.

१४ ते २१ जानेवारी

आठ दिवस ट्रेंचनं खाल्ले. भिंतीतलं भोक प्रमाणित केबल सीलनं बंद केलं. शेडच्या बाजूचं ट्रेंच कोरड्या वाळूनं गच्च भरलं. वाळू भरायच्या आधी जुन्या केबल काढाव्या लागल्या. त्यातल्या चार कुठे जातात हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि एकीत अजून वीज होती.

वाळू भरल्यावर बर्फाचा प्रयोग पुन्हा केला. धूर जाळीवर थांबला, पलीकडे काही नाही.

२३ जानेवारी

एक्झॉस्ट पंखा. भिंतीवर चार मीटर उंचीवर, झकास फिरतोय. जमिनीवरच्या वाफेला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

हिशोब केला. एक लिटर टोल्युइन म्हणजे ८६७ ग्रॅम. त्याची वाफ खोलीच्या तापमानाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास होते. टोल्युइनची खालची स्फोट-मर्यादा हवेत १.१ टक्का. म्हणजे एक लिटर सांडलं तर सुमारे २० घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. आमच्या शेडचं घनफळ १,२९६ घनमीटर, त्यामुळे कागदावर एका लिटरनं काही बिघडत नाही. पण वाफ सगळ्या शेडभर सारखी मिसळत नाही, ती खालच्या अर्ध्या मीटरमध्येच राहते. तिथे काय होतं, ते १३ तारखेला डोळ्यांनी पाहिलं.

डक्ट जमिनीपासून ३०० मि.मी.वर आणला, ड्रमच्या जागेच्या मागे आणि दोन्ही मिक्सरच्या पायथ्याशी. मोटर हवेच्या झोताबाहेर राहील असे दोन पंखे घेतले, एक चालू आणि एक राखीव.

२९ जानेवारी

दिवे आले, आणि दोन गोष्टी एकाच दिवशी कळल्या.

पहिली: साफसफाईवाला मिक्सर धुवायला जे द्रव वापरतो त्याच्या कॅनवर फक्त 'क्लीनिंग सॉल्व्हंट' लिहिलेलं. स्टोअरच्या नोंदीतही तेच. विचारत विचारत लॅबपर्यंत गेलो तेव्हा कळलं की ते इथेनॉल आहे. इथेनॉल टू-बी. आयईसी ६००७९-२०-१ च्या तक्त्यात त्याची सुरक्षित फट (जिच्यातून ज्वाला पलीकडे जात नाही ती कमाल रुंदी) ०.८९ मि.मी. आहे, आणि टू-ए साठी किमान ०.९ लागते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी बारा दिवे बाद.

दुसरी: दिव्याच्या पाटीवर सभोवतालच्या तापमानाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. काही लिहिलं नसेल तर उणे २० ते ४० अंश एवढीच हमी असते. छताखाली, जिथे दिवा टांगायचा तिथे, दुपारी थर्मामीटर लावला: ४७. म्हणजे गट बरोबर असता तरी हे दिवे चालले नसते.

परत घ्यायला विक्रेता तयार नाही. नवी ऑर्डर: टू-बी, टी४, ५५ अंशांपर्यंत. दिव्यांचा खर्च दुपटीच्या वर गेला, कारण जास्त तापमानाचा दिवा मुळातच महाग. सहा आठवडे थांबायचं. चूक खरेदी विभागाची नाही, सही माझी आहे.

इथून पुढे नियम केला: यादी उत्पादन, लॅब, स्टोअर आणि सफाई, चौघांकडून वेगवेगळी मागवायची आणि मग जुळवायची. कोणालाही 'तुमच्याकडे काय काय असतं' असं विचारायचं नाही, कॅन दाखवा म्हणायचं.

५ फेब्रुवारी

मिक्सरच्या मोटर्स. वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी हवा, असं उत्पादनाचं म्हणणं. जुन्या मोटर्स एफएलपी, टू-बी, टी४, पाटी एकदम नीट. म्हटलं, आता तरी खर्च वाचला.

सर्टिफिकेट उघडलं. मोटर सरळ लाइनवर चालवण्यासाठी तपासलेली, व्हीएफडीचा उल्लेख नाही. कमी वेगात मोटरचा पंखाही हळू फिरतो, वर व्हीएफडीच्या लाटांनी वाइंडिंग जास्त तापतं. मग टी४ ची, म्हणजे १३५ अंशांची हमी कोणी दिली? आयईसी ६००७९-१४ यासाठी वाइंडिंगमध्ये तापमान सेन्सर आणि त्यावर ट्रिप मागतं. आमच्या मोटर्समध्ये सेन्सर नव्हते. उत्पादनाला विचारलं, वेग खरंच बदलायचाय का? एका मिक्सरला बदलायचा होता. दुसऱ्याला 'असला तर बरं' एवढंच. दुसरा सरळ लाइनवर ठेवला. पहिल्यासाठी व्हीएफडीला चालणारी, थर्मिस्टर (तोच तापमान सेन्सर) असलेली मोटर मागवली. साडेपाच आठवडे.

११ फेब्रुवारी

ट्रान्सफर पंपाची मोटर. पाटी अमेरिकन: क्लास १, डिव्हिजन १, ग्रुप डी, टी३सी. एका सहकाऱ्याचं म्हणणं, "डी म्हणजे आपला टू-ए, आपल्याला हवा टू-बी, बदलायची."

अर्धी गोष्ट बरोबर. प्रोपेन तिकडे ग्रुप डी, इकडे टू-ए. पण अमेरिकन यादीत इथेनॉलही डी मध्येच बसतं, इकडे टू-बी मध्ये. टी३सी म्हणजे १६० अंश, आयईसीत असे उपवर्ग नाहीत. अक्षराला अक्षर लावून भाषांतर करायचं नाही, एवढं त्यातून कळलं. मोटर चांगली असेल, पण आमचा नकाशा झोनचा आणि तिच्याकडे त्याचं सर्टिफिकेट नाही. काढली. पुढची तपासणी करणाऱ्याला मला हे तोंडी समजवायचं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

पॅनल, सॉकेट, व्हीएफडी, सगळं पॅनल रूममध्ये. शेडमध्ये फक्त पुश बटणं आणि जंक्शन बॉक्स. नकाशा पुन्हा काढल्यावर झोन १ फक्त झाकणांभोवती, ड्रमच्या जागी आणि खड्ड्यांत उरला. पुष्कळशा एफएलपी वस्तू घ्याव्याच लागल्या नाहीत, आणि दिव्यांचं नुकसान त्यातून जवळपास भरून निघालं.

२० फेब्रुवारी

ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथले घट्ट बसणारे जोड) लावायला सुरुवात. दुपारी बघितलं तर सगळ्या एफएलपी बॉक्सच्या आट्यांवर पांढरी टेप.

"साहेब, टेप लावली नाही तर पाणी जाईल," मिस्त्री म्हणाले. पाण्याच्या पाइपला बरोबर. इथे आटे हाच ज्वालेचा मार्ग आहे: आत स्फोट झाला तर गरम वायू त्या बारीक फटीतून थंड होत बाहेर यायला हवा. मध्ये टेपचे थर घातले की ती फट तपासलेल्या मापाची राहत नाही. पाण्यासाठी ग्लँडबरोबर सीलिंग वॉशर येतं, ते कोणी पिशवीतून काढलंच नव्हतं. ३१ ग्लँड काढून पुन्हा लावले.

त्यात दोन ठिकाणी बॉक्सचे आटे आणि ग्लँडचे आटे वेगळे. तिथे एकात एक असे दोन ॲडॅप्टर घातलेले. एका तोंडाला एकच ॲडॅप्टर चालतो. नवे मागवले, चार दिवस.

२५ फेब्रुवारी

तीन बॉक्सच्या झाकणाच्या फ्लँजवर कडक होणारं सिलिकॉन लावलेलं सापडलं. तेही पाणी अडवायलाच. काढायला बसलो. पहिल्या बॉक्सला पोरानं लोखंडी पट्टी घेतली आणि घासलेल्या पृष्ठभागावर आडवा ओरखडा उठला, नख अडकेल एवढा. तो बॉक्स भंगारात. उरलेले दोन प्लॅस्टिकच्या खरवडणीनं आणि संयमानं साफ केले. आता त्यावर न सुकणारं ग्रीस, पातळ थर.

२७ फेब्रुवारी

मोजपट्टी घेऊन फिरलो. एफएलपी बॉक्सच्या फ्लँजसमोर टू-बी साठी ३० मि.मी. मोकळी जागा हवी. (टू-ए ला १०, टू-सी ला ४०.) पाच बॉक्सपुढे पाइपचा सपोर्ट १५ ते २० मि.मी.वर. आम्हीच नंतर बसवलेला. सपोर्ट हलवले, एक दिवस.

४ मार्च

मिक्सरमधला लेव्हल स्विच झोन ० ला लागतो, म्हणून आयए प्रकारची इन्ट्रिन्सिक सर्किट (ठिणगी पडली तरी वाफ पेटणार नाही एवढीच ऊर्जा असलेली), झेनर बॅरिअरमधून, म्हणजे ती ऊर्जा मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणातून. बॅरिअर २८ व्होल्ट, ९३ मिलिअँपिअर. स्विच ३० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरपर्यंत चालतो, ते ठीक.

अडकलो कपॅसिटन्सवर. बॅरिअरच्या कागदावर जास्तीत जास्त ८३ नॅनोफॅरड. स्विचचे स्वतःचे ६०, केबल १८० मीटर, दर मीटरला २०० पिकोफॅरड म्हणजे ३६. बेरीज ९६. बसत नाही. केबलचा मार्ग बदलायचा म्हणून दुपारभर शेडमध्ये टेप घेऊन फिरलो. संध्याकाळी कागद पुन्हा वाचला: ८३ हा आकडा टू-सी साठीचा. टू-बी साठी त्याच ओळीत पुढे ६५० लिहिलेत. इथेनॉलनं दिवे खाल्ले, पण निदान टू-सी पर्यंत नेलं नाही.

निळी केबल वेगळ्या ट्रेमध्ये, टर्मिनल बाकीच्यांपासून ५० मि.मी. दूर. बॅरिअरचं अर्थिंग मोजलं: ०.४ ओहम, १ च्या आत.

१० मार्च

हॉपर. रेझिनची पावडर, म्हणजे धुळीचा झोन. आत २० (धूळ कायम), ओतायच्या तोंडाशी २१ (नेहमीच्या कामात अधूनमधून). गॅससाठीचं सर्टिफिकेट धुळीला चालत नाही, त्यामुळे तिथला स्विच धुळीच्या खुणेचा वेगळा घेतला. पावडरचा थर साचला तर उपकरणाचा पृष्ठभाग थराच्या पेटण्याच्या तापमानापेक्षा ७५ अंशांनी खाली हवा, आणि हा हिशोब ५ मि.मी. थराचा आहे. त्या जागी मी हात फिरवला तेव्हा थर बोटाच्या पेरापर्यंत होता. आता शिफ्ट संपताना व्हॅक्यूम, तोही धुळीच्या झोनचा.

१२ मार्च

नवे दिवे आले. या वेळी पाटी आधी वाचली, पैसे नंतर.

१६ मार्च

मोटर आली. थर्मिस्टर ट्रिप तपासली, व्हीएफडी बंद होतो.

१९ ते २२ मार्च

सुरू करण्यापूर्वीची सविस्तर तपासणी, आयईसी ६००७९-१७ प्रमाणे. म्हणजे प्रत्येक झाकण उघडायचं. 'नवंच तर आहे, कशाला उघडायचं' असं मलाही वाटलं होतं. सापडलं ते असं:

चार बॉक्समध्ये न वापरलेल्या तोंडांवर वाहतुकीसाठी लावलेलं लाल प्लॅस्टिकचं बूच तसंच. दिसायला बूच, संरक्षण शून्य. प्रमाणित धातूचे प्लग लावले.

एका झाकणाला आठपैकी सात बोल्ट मूळचे, आठवा जवळच्या डब्यातला, आखूड. तीन आटेच धरलेले.

दोन दिव्यांच्या सर्टिफिकेट क्रमांकामागे एक्स. ही खूण म्हणजे सर्टिफिकेटात खास अट आहे. अट अशी की काच ओल्या कपड्यानंच पुसायची, स्थिर विजेसाठी. ती अट आता देखभालीच्या कार्डावर लिहिली आहे, फायलीत नाही.

ड्रमच्या अर्थिंगची क्लिप रंगावर लागत होती. ओहममीटर लावला तर सर्किट उघडं. दात असलेली क्लिप आणली, आता रंग फोडून धातूला भिडते.

२५ मार्च

शेड सुरू. सहा आठवड्यांऐवजी साडेअकरा.

२ एप्रिल

सुरू होऊन आठ दिवस झाले आणि चालू पंख्याचा पट्टा तुटला. मोटर फिरत होती, कॉन्टॅक्टर ओढलेला होता, पॅनलवर हिरवा दिवा जळत होता, आणि डक्टमध्ये हवा शून्य. मूळ ड्रॉइंगमध्ये इंटरलॉक (पंखा बंद पडला हे ओळखणारी जोडणी) कॉन्टॅक्टरच्या संपर्कावरून घेतलेला होता. फेब्रुवारीत तो बदलून डक्टमध्ये हवेचा दाब बघणारा स्विच लावला होता, म्हणून राखीव पंखा आपोआप सुरू झाला आणि ऑपरेटरला अलार्म गेला. ऑपरेटरनं फोन करून विचारलं, अलार्म खोटा आहे का, कारण दिवा तर हिरवाच आहे.

दोन्ही पंख्यांचे पट्टे बदलले. पॅनलवरचा हिरवा दिवा कॉन्टॅक्टरवरून काढून दाबाच्या स्विचला जोडला. दुसऱ्या पंख्याचं अजून बाकी आहे, स्विच यायचाय.